सातवी रात्र

मराठी भाषेत 'नाही' म्हणण्याचे किती प्रकार आहेत, हे वर्गात शिकवता येत नाही. त्यासाठी बाजारात माल मागायला जावे लागते. 'बघू', 'होईल हो', 'उद्या फोन करा'. यांतला कोणता नकार खरा आणि कोणता नुसता आळसाचा, हा प्रश्न गेल्या मे महिन्यात आमच्या घरीच येऊन बसला.

आमच्या मेहुण्याचे अप्पा बळवंत चौकात वह्यांचे छोटेसे दुकान आहे. शाळा उघडण्यापूर्वी ६,००० वह्या तीन हप्त्यांत मिळाव्यात, असा त्याने एका कारखानदाराशी लेखी करार केला. आगाऊ रक्कम दिली. तीत हिच्या मुदतठेवीतले ४०,००० रुपयेही होते. पहिला हप्ता आला, पण आठ दिवस उशिरा. दुसऱ्याबद्दल विचारले, तर उत्तर मिळाले, "कागद महागलाय. बघू."

"भाऊजी, करार मोडल्याचं पत्र लिहून द्या. चांगलं खणखणीत!" मेहुणा म्हणाला. मी लेखणी सरसावलीही होती. पण सुदैवाने शेजारचे वकीलसाहेब चहाला आले.

"थांबा," ते म्हणाले. "'बघू' म्हणजे नकार नव्हे. एवढ्यावर करार मोडलात, तर मोडणारे तुम्हीच ठराल!"

मग त्यांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले कलम ३९ समजावले. एका पक्षाने आपले वचन संपूर्णपणे पाळायला नकार दिला, किंवा ते पाळणे स्वतःलाच अशक्य करून ठेवले, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. तो नकार तोंडानेच द्यावा लागतो असे नाही, वागणूकही बोलते.

कायद्यातले उदाहरण तर नाटकवेड्या पुण्याला शोभणारे. एक गायिका दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री, रात्रीला १०० रुपयांवर नाट्यगृहात गाण्याचे कबूल करते. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही. व्यवस्थापकाला करार संपवता येतो. पण त्याच्या संमतीने ती सातव्या रात्री गायली, तर करार चालू राहिला! मग त्याने सहाव्या रात्रीची नुकसानभरपाई तेवढी मागावी.

"म्हणजे पहिला हप्ता मुकाट्यानं उतरवून घेतला, तेव्हाच मी सातव्या रात्रीचं गाणं ऐकलं!" मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला.

शेवटी मी लिहिले ते पत्र अगदी साधे होते: ठरलेल्या भावाने माल देणार की नाही, ते आठ दिवसांत कळवावे. उत्तर आले, "वाढीव भाव दिल्याशिवाय यापुढे एकही वही मिळणार नाही."

"आता हा नकार!" वकीलसाहेब म्हणाले. "तिसऱ्या हप्त्याच्या तारखेचीही वाट पाहू नका."

त्यांनी १८५३ सालचा एक इंग्रज खटला सांगितला. प्रवासात सोबतीला ठरवलेल्या माणसाला मालकाने १ जूनच्या आधीच 'येऊ नको' असे कळवले. त्याने मे महिन्यातच दावा लावला आणि तो जिंकला.

करार संपल्याचे कळवून मेहुण्याने त्याच आठवड्यात दुसरीकडून, थोड्या चढ्या भावाने का होईना, वह्या आणल्या. कारण टाळता येणारे नुकसान होऊ द्यायचे आणि मग त्याची भरपाई मागायची, हे कायद्याला मान्य नाही. उरलेली आगाऊ रक्कम परत आली, हिचे पैसेही आले. भावातल्या फरकाची रक्कम मात्र अजून 'बघू'तच आहे.

परवा संपादकांचा फोन आला, "दिवाळी अंकाचा लेख कधी?" सवयीने मी म्हणालो, "बघू."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "स्पष्ट काय ते सांगा. सगळेच काही सातव्या रात्री गाऊ देत नाहीत!"

लेख त्याच रात्री लिहून काढला.