घाट रुंद नको, गटार मोकळे हवे

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर जेमतेम ४० किलोमीटर. तेवढ्यात गाडी सावित्रीच्या खोऱ्यातून निघून साडेचार हजार फुटांवर पोचते. आंबेनळी घाटाचा हा राज्यमार्ग पावसाळा लागला की बातमीत येतो. दरड कोसळली, एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना बंदी, आणि मग एखाद्या दिवशी घाटच बंद. पाऊस ओसरला की दुसरी ठरलेली मागणी पुढे येते: घाट रुंद करा. पर्यटक वाढले, गाड्या रुंद झाल्या, शनिवार-रविवारी वळणावर बस आणि मोटार समोरासमोर आल्या की अर्धा तास गेलाच, तेव्हा डोंगर कापा. मागणी करणाऱ्यांचा त्रास खरा आहे. उपाय मात्र घातक आहे, आणि का घातक आहे हे कळायला या रस्त्याने आजवर किती वेळा वाट बदलली ते पाहावे लागते.

कोकणातून या भागात घाटावर चढायची जुनी वाट पारघाटाची. प्रतापगडाच्या पायथ्याचे पार हे गाव त्या वाटेवरचा मुक्काम. रामवरदायिनीचे देऊळ तिथे आहे, आणि कोयनेवरचा शिवकाळातला दगडी पूलही. महाबळेश्वराच्या माथ्यावरून पारला उतरायला रडतोंडीचा घाट होता. १६५९ साली अफझलखानाची फौज वाईहून निघून याच घाटाने खाली उतरली. हत्ती, तोफा, उंट घेऊन त्या उतारावर फौजेची काय दशा झाली असेल, ते आज तिथून उतरणारा पाठीवर पिशवी घेतलेला ट्रेकरही सांगू शकेल. जावळीचे खोरे शिवाजी महाराजांनी निवडले त्यात वाटेच्या या अडचणीचा हिशेब होताच.

इंग्रज आले तेव्हा हीच अडचण गैरसोय ठरली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून महाबळेश्वरला गाडीरस्ता करून दिला. १८२९ च्या कराराने महाबळेश्वर कंपनी सरकारकडे गेले, गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसली आणि मुंबई सरकारचा उन्हाळा डोंगरावर जाऊ लागला. वसाहतीतले बरेच रस्ते बनवले ते चिनी आणि मलायी कैद्यांनी. त्यांच्यासाठी तिथे तुरुंगच होता, तो १८६४ मध्ये मोडला. गिरिस्थानाच्या कौतुकाच्या पुस्तकांत या कैद्यांना एखादे वाक्य मिळते. त्यांची आठवण राहिली आहे ती चायनामन धबधब्याच्या नावात.

साहेबांना मुंबईहून यायला सोयीचा मार्ग समुद्राचा होता. बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरायचे, सावित्रीतून दासगावपर्यंत यायचे आणि पुढे महाडवरून डोंगर चढायचा. या वाटेवर रडतोंडीचा चढ आडवा येई. बैलगाडीला तो झेपत नव्हता, मेमसाहेबांच्या पालखीलाही जड जात होता. म्हणून नवी आखणी झाली. अंतर वाढले तरी चालेल पण चढ सौम्य हवा, या हिशेबाने रस्ता डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत नेला. महाबळेश्वरहून मेटतळ्यामार्गे कोयनेच्या खोऱ्यात, तिथून कुंभरोशी-वाडा करत प्रतापगडाच्या खांद्यावर, आणि पलीकडे उतरून पोलादपूर. १८७६ मध्ये तो खुला झाला. सर सीमोर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचे नाव घाटाला दिले गेले. त्याच रस्त्याचा पोलादपूरकडे उतरणारा भाग आपण आंबेनळी म्हणून ओळखतो.

रस्ता नव्या अंगाने गेला आणि पार एका बाजूला पडले. जिथे फौजा आणि लमाणांचे तांडे थांबत, तिथे फाट्यावर उतरून आत जायची वेळ आली. रस्ता आखणाऱ्याच्या नकाशात गाव म्हणजे एक ठिपका असतो, आणि ठिपका रेषेवर आहे की रेषेबाहेर यावर त्या गावाच्या पुढच्या शंभर वर्षांचा बाजार ठरतो. नव्या बाह्यवळणांनी ओसाड पडलेल्या चहाच्या टपऱ्या आपण सगळीकडे पाहतो. पारच्या वाट्याला हे दीडशे वर्षांपूर्वीच आले.

मग दहा वर्षांत आणखी एक उलथापालथ झाली. १८८६-८७ च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे रेल्वे गेली. वाठार स्टेशनात उतरायचे, वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, आणि पुढे महाबळेश्वर, असा नवा शिरस्ता पडला. दासगावच्या बोटींचे महत्त्व घटले. जो रस्ता गव्हर्नरांच्या सोयीसाठी कोकणाकडून बांधला, तो गव्हर्नरांनीच सोडला आणि कोकणातल्या लोकांना मिळाला. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाऊ लागले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत पोलादपूर-महाडच्या माणसाला वाई-साताऱ्याचा बाजार, दवाखाना, सोयरीक या रस्त्याने जवळ आली. आज रुंदीकरणाच्या चर्चेत फक्त पर्यटक दिसतो, पण पावसात घाट बंद पडतो तेव्हा अडकतो तो हा माणूस. पर्यटक सहल पुढे ढकलतो.

   

आता डोंगराकडे वळू. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याचे टोपण आहे, खाली काळ्या पाषाणाचे थरावर थर. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याखालच्या पाषाणात उभ्या भेगा, आणि दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा मऊ पट्टा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच रस्त्यावर तीसेक किलोमीटर मागे असलेल्या वाईत तो सातशे-आठशेच्या घरात असतो. म्हणजे वाईच्या अलीकडच्या सुरूरपासून पोलादपूरपर्यंतचा रस्ता कागदावर एक असला तरी पाण्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे मुलूख आहेत. माथ्यावर मुरलेले पाणी भेगांतून उतरते, तांबड्या पट्ट्यावर अडते आणि आडवे सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर येते. घाटरस्ता करताना डोंगराचे जे अंग उभे कापले, तिथे ते झिरपताना दिसते. ऑगस्टात कुणीही पाहावे, कापलेल्या भिंतीवर एका विशिष्ट उंचीवर ओलसर रेघ असते आणि तिच्याखाली शेवाळ. दरड बहुधा अशाच रेघेपाशी सुटते.

हे पाणी रस्त्याला लागण्याआधी काढून नेणे हेच घाटरस्त्याच्या बांधणीचे मर्म. रस्त्याचे आतले अंग डोंगर कापून केलेले आणि बाहेरचे अंग भरावावर, दगडी भिंतीच्या आधाराने उभे. डोंगराच्या बाजूला गटार, ठरावीक अंतरावर मोरी, मोरीतून पाणी रस्त्याखालून दरीत. गटारात दगड-माती, पालापाचोळा आणि हल्ली पाण्याच्या बाटल्या व वेफरची पाकिटे साचली की मोरीचे तोंड बुजते. मग पाणी डांबरावर चढते, वळणाच्या बाहेरच्या कडेला जाते आणि भरावात शिरते. मुरूम वाहून जातो, भिंत पोकळ होते. वरून डांबर शाबूत दिसते. एखाद्या रात्री जड गाडी गेली किंवा पाऊस थोडा जास्त लागला की अर्धा रस्ता खाली जातो आणि बातमी येते, ‘अतिवृष्टीने रस्ता खचला’. अतिवृष्टी खरीच असते. पण बुजलेली मोरी पंचनाम्यात येत नाही.

पूर्वी या कामाला मैलकुली असत. ठरलेल्या मैलांचा रस्ता ठरलेल्या माणसाच्या अंगावर. फावडे, कुदळ, घमेले आणि पावसात डोक्यावर इरले. कुठल्या वळणावर पाणी कुठे फुटते, कुठला दगड हलू लागला आहे, हे त्याला तोंडपाठ. ती पद्धत हळूहळू मोडीत निघाली आणि निगा ठेक्यावर गेली. ठेकेदाराचा जेसीबी दरड पडल्यावर येतो. मैलकुली दरड पडायच्या आधी तिथे असायचा. खर्चाच्या वहीत जेसीबीचे बिल ठळक दिसते, न पडलेल्या दरडीची नोंद कुठेच होत नाही.

२२ जुलै २०२१ हा दिवस या भागातला कुणी विसरणार नाही. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, वाईत जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा. आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला, काही जागी रस्ता उरलाच नाही. महाड तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर डोंगर आला. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. ज्या दासगावच्या धक्क्यावर एकेकाळी महाबळेश्वरचे साहेब उतरत, तेच हे दासगाव. आणि २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दाभिळ टोकाजवळ दरीत गेली. ३० जण गेले, एकजण वाचला. त्या अपघाताच्या कारणांवर पुष्कळ बोलून झाले आहे. दरीच्या कडेला गाडी थोपवील असा कठडा सलग हवा, एवढे सांगायला मात्र कुठल्याही चौकशीची गरज नाही.

अशा डोंगरात रुंदीकरण म्हणजे काय? बाहेर दरी असल्याने जागा आतच काढायची. डोंगराचा पाय आणखी आत कापायचा, म्हणजे दीडशे वर्षांत थोडा स्थिरावलेला उतार पुन्हा उघडा करायचा. कापाची उंची वाढते, झिरप्याची नवी रेघ उघडी पडते, निघालेला राडारोडा बऱ्याचदा दरीतच ढकलला जातो आणि खालच्या वाडीच्या ओढ्याचे तोंड बुजवतो. रस्ता रुंद झाला की गाडीचा वेग वाढतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तो उगीच नाही. सपाटीवरच्या सुरूर-वाई पट्ट्यातही रुंदीकरणात जुने वड जाणार म्हणून वाईकरांनी आवाज उठवला. वडाच्या बाजूने बोलणारे तिथे निदान आहेत. घाटात कापल्या जाणाऱ्या डोंगराच्या बाजूने बोलणारा कोण?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बैलगाडीसाठी आखलेल्या वाटेवर चाळीस आसनी बस किती दिवस घालणार? वाट बदलायला हरकत कुणाचीच नसावी. पारघाट-रडतोंडी सोडून फिट्झगेराल्ड, असा हा रस्ता गरजेप्रमाणे बदलत आला आहे. पण १८७६ मध्ये आखणाऱ्यांनी डोंगर अंगावर घेतला नव्हता, वळसा घेतला होता. बोगदा असो वा नवी आखणी, ती उताराचा नीट अभ्यास करून, गावांना विचारून आणि कागद लोकांपुढे ठेवून व्हावी. आहे त्याच रेषेवर दोन-दोन मीटर डोंगर कुरतडणे ही आखणी नव्हे. आणि जड पर्यटक बसना पावसाळ्यात वाईमार्गे वळवले तर कुणाचे फारसे बिघडत नाही, स्थानिकांची एसटी तेवढी चालू राहिली पाहिजे.

बांधायला आपले सरकार कमी पडत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल दोन एसटींसह वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. कौतुक व्हायलाच हवे, झालेही. मात्र पडलेल्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारतर्फेच सांगण्यात आले. त्या तपासणीत काय पाहिले, कुणी पाहिले, पाण्याखालचा पाया पाहिला का, हे आधी लोकांपुढे असते तर प्रश्न आधी विचारले गेले असते.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने दर वर्षी ३१ मेच्या आत आंबेनळी घाटातली प्रत्येक मोरी, प्रत्येक गटार आणि झिरपणारा प्रत्येक कडा यांची किलोमीटरवार यादी, केलेल्या कामासह आणि जबाबदार अभियंत्याच्या सहीसह, पोलादपूर आणि महाबळेश्वरच्या तहसील कार्यालयांत व रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींत लावावी. किती तासांत किती पाऊस झाला की घाट बंद करायचा, तो आकडा आधी जाहीर करावा. मैलकुलींच्या जागा भराव्यात आणि त्या मेटतळे, कुंभरोशी, वाडा इथल्याच माणसांना द्याव्यात. याला भूसंपादन लागत नाही, झाड तोडावे लागत नाही. येत्या मे महिन्यात ही यादी लागली नाही तर ग्रामसभांनी ती लेखी मागावी.