'डेप्रिकेटेड' दिसलं? आधी ओळ पूर्ण वाचा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचा विचार तुम्हीही करत असाल. मग सुरू होताना स्क्रीनवर 'डेप्रिकेटेड' अशी ओळ आली तर घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. त्याचा अर्थ : हा ऑप्शन आज चालतोय, पुढे काढणार आहेत.

खरा धोका असतो तो न सांगता बंद पडलेल्या ऑप्शनचा. डिस्कची कामं कोणत्या क्रमाने उरकायची, हे लिनक्स कर्नलला 'एलिव्हेटर' या बूट ऑप्शनने सांगता यायचं. मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत जुनी यंत्रणा निघाली आणि हा ऑप्शन निकामी झाला. मशीन मात्र मुकाट सुरू व्हायचं. आपल्याला वाटणार, सेटिंग लागलं! पुढे कर्नलमध्ये स्पष्ट इशारा आला : याचा आता परिणाम होत नाही, प्रत्येक डिस्कसाठी सिसएफएसमधून निवड करा.

इशारा असाच हवा. आपल्या स्टेशनचा कोड गेल्या वर्षी, २०२५ मध्ये बदलला. 'एडब्ल्यूबी बंद' एवढंच सांगून भागतं का? 'सीपीएसएन टाका' म्हटलं की तिकीट निघतं.

जुन्या ट्युटोरियलमधून ऑप्शन कॉपी केलात, तर बूटनंतर 'डीमेसेज' कमांड चालवून बघा. काय बंद, कधीपासून आणि त्याऐवजी काय? स्वतःच्या प्रोजेक्टमधलं फंक्शन काढताना ज्युनियर्ससाठीही एवढं लिहून ठेवा.