कर्सर कुठाय?

माझा एक दोस्त आंधळा आहे. त्याला दिव्यांग म्हटलं की तो उखडतो. म्हणतो, "दिव्य-बिव्य काय न्हाय माझ्यात. काचबिंदूनं डोळे गेले. बस." गोड नाव द्यायचं आणि माणसाला बाजूला बसवायचं, ही या देशाची जुनी खोड आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. म्हणून मी आंधळाच म्हणतो. ज्यांना शब्द टोचतो त्यांनी आधी आपली वेबसाइट तपासावी.

गेल्या पावसाळ्यात हा दोस्त माझ्या खोलीवर आला. एका नोकरीचा फॉर्म भरायचा होता. मोबाइल बोलतो, त्यामुळे आपलं आपण भरू असा त्याचा हिशोब. पान उघडलं. आवाज सुरू झाला : बटण. बटण. लिंक. इमेज. बटण. कसलं बटण? कुठं नेणारी लिंक? कुणाची इमेज? आवाजाला ठाऊक नाही, कारण पान बनवणाऱ्यानं सांगितलंच नाही. तासभर चाचपडून शेवटाला आलो, तर तिथं चित्रातले वाकडेतिकडे आकडे. ते बघा आणि लिहा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल. मी आकडे वाचले, त्यानं टाइप केले. फॉर्म गेला. जिना उतरताना म्हणाला, "नोकरी लागली तर रोज तुला बरोबर नेऊ का रे?"

त्या रात्री पाळीवर माझं लक्ष नव्हतं. मी गोदीतला माणूस, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. पण एक गोष्ट टोळीतला नवा पोरगासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो : पेटी तिच्यावरच्या अक्षरांनी ओळखायची. नाव, बंदर, वजन, वरची बाजू कुठली. अक्षरं नसलेली पेटी मुकादम बाजूला काढून ठेवतो. वेबवर बिनअक्षरी पेट्यांचा डोंगर रचलाय आणि आंधळ्याला सांगतात, उचल.

दोस्तहो, स्क्रीन रीडर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. पूर्वी चांगला स्क्रीन रीडर म्हणजे पैसेवाल्याचं काम होतं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या आंधळ्या तरुणानं एनव्हीडीए लिहायला घेतला आणि विंडोजवाल्यांना फुकट दिला. लिनक्समध्ये ऑर्का आहे, स्पीकअप आहे, तेही फुकट. पण स्क्रीन रीडर जादू करत नाही. जे लिहिलंय तेवढंच तो बोलतो. डोळा पानावर उड्या मारतो. जाहिरात ओलांडतो, रंग बघतो, पाहिजे तिथं बसतो. कान मात्र रांगेत उभा राहतो. वरून खाली, एकेक ओळ. पानावर जितका कचरा, तितकी ती रांग लांब.

म्हणून मजकुरी ब्राउझर. चित्र नाही, हलणारी पाटी नाही, नुसती अक्षरं. हे काही आंधळ्यांसाठी कुणी दयाबुद्धीनं काढलेलं यंत्र आहे असं समजू नका. १९९१ साली सर्नमध्ये वेब उभी राहत होती तेव्हा निकोला पेलो या विद्यार्थिनीनं लाइन मोड ब्राउझर लिहिला. तो निव्वळ मजकूर दाखवायचा आणि जवळपास कुठल्याही टर्मिनलवर चालायचा. १९९२ साली अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात लिंक्स तयार झाला, तोही विद्यापीठातली माहिती टर्मिनलवर वाचायला. १९९३ मध्ये मोझेक आला, त्यानं मजकुराच्या मध्येच चित्रं बसवली आणि बाजार तिकडं धावला. चित्राबद्दल माझी तक्रार नाही. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये नियम झाला की प्रत्येक चित्राला अक्षरी पर्याय द्यायचाच, त्याला ऑल्ट म्हणतात. पेटीवरची अक्षरं म्हणजे हीच. नियम झाला, पण पाळायला कुणी बसलं नाही. तेव्हा वेब जन्मली ती अक्षरांतच, हे ध्यानात ठेवा. भिंत नंतर चढली.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. तुम्हीही करा, एक संध्याकाळ लागते.

जुन्या बाजारातनं एक कंप्युटर आणला. मेमरी २ जीबी. नव्या विंडोजचं ओझं त्याला पेलणारं नव्हतं. डेबियन लिनक्स पेन ड्राइव्हवर घेतलं. इन्स्टॉलचा मेनू आला की मशीन बीप करतं. तिथं एस दाबून एंटर मारायचा, मग इन्स्टॉलर स्वतःच बोलायला लागतो. मी पेन ड्राइव्ह खोचला आणि स्टोव्हवर चहा ठेवला. भाषा, पासवर्ड, डिस्क, सगळं त्यानं ऐकून ऐकून स्वतः भरलं. चित्रवाला डेस्कटॉप घेतलाच नाही. मशीन पुन्हा सुरू झालं ते बोलतच. मग मला म्हणाला, "तुझं काम काय होतं रे इथं?" मी म्हटलं, "चहा."

मग रूट होऊन एपीटी इन्स्टॉल, पुढं लिंक्स. इथं स्पेलिंग कानात ठेवा : एल, वाय, एन, एक्स. एल, आय, एन, के, एस असा दुसराही मजकुरी ब्राउझर आहे. डोळ्यांना दोन वेगळे, कानाला एकच. आवाजाला एकेक अक्षर बोलायला लावायचं.

पान उघडलं आणि घोटाळा झाला. तो बाणाचं बटण दाबतोय आणि आवाज भरकटतोय. आपण कुठल्या लिंकवर उभे आहोत तेच कळेना. मी पडद्याकडं बघितलं, तर मला सगळं लख्ख दिसतंय. निवडलेली लिंक रंगानं उजळलीय. पण कर्सर? तो लिंक्सनं नेऊन खाली उजव्या कोपऱ्यात लपवून ठेवलेला. उजळलेला रंग असताना कर्सर हवा कशाला, असा डोळसाचा हिशोब. आवाज मात्र कर्सरच्या मागनं चालतो. कर्सर कोपऱ्यात, म्हणजे माणूस कोपऱ्यात.

इलाज एका ओळीचा आहे. लिंक्समध्ये ओ दाबा, ऑप्शन्सचं पान येतं. तिथं शो कर्सर चालू करा. कर्सर निवडलेल्या लिंकच्या सुरुवातीला येऊन उभा राहतो आणि आवाज त्याच्याबरोबर येतो. त्याच पानावर कीपॅड मोडमध्ये लिंकांना नंबर लावा. मग चौदावी लिंक पाहिजे तर १४ टाइप करून एंटर. बाण मारत बसायला नको. निवडीच्या यादीसाठी उघडणाऱ्या पॉपअप खिडक्या बंद करा, म्हणजे यादी पानातच सरळ येते. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवा. आणि ऑप्शन्स डिस्कवर सेव्ह करायची खूण करायला विसरू नका, नाहीतर उद्या पुन्हा कर्सर कोपऱ्यात. बारका एल दाबला की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी मिळते. तिरकी रेघ दाबून शब्द टाकला की तो शब्द शोधून देतो. रांग तोडायची ही दोन हत्यारं.

मराठीचं दुखणं वेगळं. त्या काळ्या पडद्याला देवनागरी नीट मांडता येत नाही. म्हणून आम्ही दुसरी वाट काढली. लिंक्सला डंप सांगायचं, म्हणजे तो पानातला मजकूर काढून देतो. तो मजकूर ईस्पीक एनजीकडं सोपवायचा आणि आवाज मराठी लावायचा. आवाज कोरडा आहे, पण बोलतो मराठीच. अट एकच : मूळ मजकूर युनिकोडमध्ये पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान असलं की आतनं इंग्रजी अक्षरांचा चोथा निघतो. आणि कागदाचा फोटो काढून पीडीएफ चढवलेली असली की काहीच निघत नाही. सही आहे, शिक्का आहे, अक्षर एक नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, झालं तर मग, आंधळ्यांना मजकुरी ब्राउझर द्या आणि प्रश्न मिटवा. इथंच माझं भांडण आहे.

लिंक्स जावास्क्रिप्ट चालवत नाही. आजची अर्धीअधिक वेब जावास्क्रिप्टशिवाय दारच उघडत नाही. बँक नाही, तिकीट नाही, परीक्षेचा फॉर्म नाही. एडब्राउझ नावाचा एक ब्राउझर आहे. कार्ल डालके या आंधळ्या प्रोग्रामरनं तो स्वतःच्या गरजेतनं लिहिला, तो थोडंफार जावास्क्रिप्ट पेलतो. पण सगळं नाही. तेव्हा आंधळ्याला लिंक्सही पाहिजे आणि मोठा ब्राउझरही पाहिजे, जसा तुम्हाला पायही पाहिजे आणि लोकलही पाहिजे. बातमी, लेख, पुस्तक, शब्दकोश वाचायला लिंक्ससारखं हलकं वाहन नाही. पण "तुमच्यासाठी तिकडं वेगळं पान आहे" असं म्हणत कुणी बाजूला एक मजकुरी तुकडा टाकला, जो वर्षानुवर्षं कुणी झाडत नाही, तर ती वेगळी कपबशी झाली. ती चव आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आंधळ्यांना जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी टी. व्ही. रामन हे नाव ऐकावं. चौदाव्या वर्षी काचबिंदूनं डोळे गेले. आपल्या पुण्यात गणित शिकला, पुढं मुंबईच्या आयआयटीत, मग १९९४ साली अमेरिकेत कॉर्नेलला डॉक्टरेट. १९९५ साली त्यानं इमॅकस्पीक लोकांसमोर ठेवलं. पडद्यावरचं नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा मजकुराचा अर्थ ओळखून बोलणारं ते यंत्र. अक्षरं हाताशी आली की माणूस कुठवर जातो ते बघा.

कायदाही झोपलेला नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०११ च्या जनगणनेत डोळ्यांनी अपंग असलेली माणसं ५० लाखांच्या वर मोजली गेली. कागद भक्कम आहे. पण कागदावरच्या हक्काचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तो अंगणात उभं राहून मागावा लागतो. मागायला पुरावा लागतो, आणि लिंक्स हा स्वस्तातला पहिला पुरावा. कुठल्याही कचेरीचं पान त्यात उघडा. नुसतं "इमेज, इमेज" आलं तर त्या कचेरीनं दारावर पाटी लावलीय, एवढंच की ती डोळसांना दिसत नाही.

आता शेवटचं. हे लिहायला मला जड जातंय.

सगळं लावून झाल्यावर दोस्त म्हणाला, "तुमच्या पोरांचं पान उघड की. तुझी कविता असती म्हणतोस." आपल्याच गटाचं पान. मी ऐटीत पत्ता सांगितला. त्यानं टाइप केला. आवाज बोलला : लिंक, लिंक, इमेज, इमेज, इमेज. पुढं फाइलचं नाव, नुसते आकडे. माझी कविता लाल-निळ्या पोस्टरमध्ये छापलेली, वर मूठ, खाली माझं नाव. शंभर जणांनी वाहवा केलेली. आणि माझ्या शेजारी बसलेल्या, शाळेपासनंच्या दोस्ताला त्यातलं एक अक्षर पोचलेलं नाही. चार वर्षं मी कविता टाकतोय. चार वर्षं तो मला विचारत होता, मी म्हणत होतो, पानावर आहे, वाच.

दार बंद करणारा दर वेळी कचेरीतलाच असतो असं नाही, लेको. कधी आपणही असतो.

मी तिथंच बसून कविता टाइप केली. युनिकोडमध्ये, साधी फाइल. ईस्पीकनं ती आपल्या कोरड्या आवाजात वाचली. ना थाप, ना मूठ. त्यानं दोनदा ऐकली. मग म्हणाला, "दुसरं कडवं काढून टाक. नुसती बोंब हाय त्यात."

आम्ही अर्धा तास त्या कडव्यावरनं भांडलो. खरं सांगतो, कडवं काढलं.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. या अंकापासनं आपला प्रत्येक लेख, प्रत्येक कविता आधी मजकूर म्हणून टाका, पोस्टर मागनं करा. पोस्टर केलं तर त्याखाली अक्षरं लिहा. आपापल्या वस्तीत एक जुना कंप्युटर मिळवा, त्यात हा ब्राउझर लावा, आणि जो आंधळा आहे त्याच्याच हातात कीबोर्ड द्या. तुम्ही चहा करा.