परिचयाच्या तासाला काय विचारावे?

प्रवेशफेऱ्या आटोपून पहिल्या वर्षाचे वर्ग भरू लागले की प्रत्येक तुकडीत परिचयाचा तास होतो. मुले एकेक करून उभी राहतात. नाव, गाव, सीईटीचे पर्सेंटाइल, मिळालेली शाखा. 'आवड कशात?' असे विचारले की पुष्कळांचे उत्तर 'कोडिंग' किंवा 'एआय' असते, मग शाखा सिव्हिल असो की मेकॅनिकल. हे उत्तर खोटे नसते. अभियांत्रिकीविषयी बारावीपर्यंत जे कानावर पडले, त्यातूनच ते आलेले असते. म्हणून प्रश्न आपणच, पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांनी, बदलायला हवा. कोणती वस्तू तयार होताना किंवा कोणते यंत्र चालताना तू जवळून पाहिले आहेस, असे विचारून पाहावे.

इचलकरंजीची मुलगी यंत्रमागाचे सांगेल. साध्या मागात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक होतो, कारण त्या एका फेऱ्यात धोटा एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने मारायचा असतो. दातांचे गुणोत्तर, कॅम, गोल फिरण्यातून पुढे-मागे होणारी हालचाल, हे सारे तिच्या डोळ्यांसमोरचे आहे. धावता धोटा पेटीत शिरून थांबतो त्या दणक्याचे गणित मेकॅनिक्सच्या पेपरात आवेग आणि संवेग या प्रकरणात येते. ते फळ्यावर कुठल्याशा चेंडूवर मांडण्याऐवजी धोट्यावर मांडले, तर वर्गात तिच्याइतके बारकाईने ऐकणारे दुसरे कोणी नसेल. इतरांनाही माग कसा चालतो ते ती सांगू शकेल, आणि ते तिने सांगावेच.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत वडील पॅटर्न करत असतील, तर बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते आणि पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो, हे त्या घरात सर्वांना ठाऊक असते. ग्राफिक्सच्या तासाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. ठिबकच्या नळीच्या टोकाला पाणी कमी का येते, हे द्राक्षबागेतल्या मुलाला विचारावे.

एआयसीटीईच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात सुरुवातीचे तीन आठवडे प्रवेशितांच्या ओळखीसाठी, रुळण्यासाठी राखले आहेत. प्रवेश लांबले की हेच दिवस आधी कापले जातात आणि उरलेले पाहुण्यांच्या भाषणांत जातात. त्यातले दोन तास तरी मुलांच्या बोलण्याला द्यावेत. शिक्षकाने प्रत्येकाची दोन ओळींत नोंद करावी आणि ती वही दुसऱ्या वर्षी शाखेच्या शिक्षकांकडे सोपवावी. मिनी प्रोजेक्टचे विषय वाटताना ती उघडली, तर तयार प्रोजेक्ट विकत आणण्याची गरज अनेकांना पडणार नाही. ज्या विभागांत अशा नोंदी ठेवल्या जातात, त्यांनी त्या कशा वापरल्या हे आम्हाला अवश्य कळवावे. आम्ही ते आनंदाने छापू.