आधी हात पाहावा, मग गुग्गुळ द्यावा

हातास मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, वस्तू हातातून निसटते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांची, आपल्या चिकित्सालयांत वाण नाही. त्यांच्या केसपेपरवर पुष्कळदा 'वातव्याधी' एवढेच निदान आणि खाली गुग्गुळकल्प व अभ्यंगाचे तेल लिहिले जाते. नाडीपरीक्षेसाठी रुग्णाचे मनगट आपण हाती घेतोच. परंतु त्याच मनगटाच्या मध्यभागी असलेल्या अवरोधाची परीक्षा राहून जाते. ही उणीव शास्त्राची नव्हे, सवयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनगटातील अस्थी व त्यांवरील आडवा अस्थिबंध यांमधील अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन नर्व्ह जाते. तिच्यावर दाब पडला की 'कार्पल टनेल सिंड्रोम' उद्भवतो. सुश्रुतांनी मणिबंधाची गणना रुजाकर मर्मांत केली आहे. विश्वाचीचे नाव या व्याधीस सरसकट दिले जाते. परंतु नाव दिल्याने दाबाची जागा कळत नाही. ती प्रश्न, दर्शन व स्पर्शन या त्रिविध परीक्षेनेच कळते.

प्रथम प्रश्न. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत? अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू असे उत्तर आले आणि करंगळी मोकळी असली, तर संशय बळावतो. रात्री जाग येऊन हात झटकल्यावर बरे वाटते काय, हेही विचारावे.

नंतर दर्शन. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा पाहावा. तो सपाट झालेला दिसल्यास व्याधी जुनी व गंभीर समजावी.

शेवटी स्पर्शन. कापसाने बोटांची संवेदना तपासावी. तळहात वर करून ठेवावयास सांगावा आणि आपण दाब देत असताना रुग्णास अंगठा सरळ वर उचलावयास सांगून बळ अजमावावे. फालेन यांच्या पद्धतीने मनगटे ६० सेकंद वाकवून ठेवावीत. डर्कन यांनी १९९१ साली सांगितल्याप्रमाणे बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद दाब द्यावा. टिनेल यांच्या पद्धतीने तेथे हलके टिचकावून पाहावे. त्याच बोटांत मुंग्या उमटल्यास परीक्षा सकारात्मक समजावी. यांतील कोणतीही एक परीक्षा निर्णायक नाही. सर्वांचा मेळ घालावा. या साऱ्यास जेमतेम पाच मिनिटे लागतात.

मान, कोपर व पायही तपासावेत. मान वळविल्याने वेदना हातात उतरते काय? दोन्ही पायही बधिर आहेत काय? मधुमेह, थायरॉईडची मंदता, गर्भावस्था, आमवात, मनगटाचा जुना अस्थिभंग यांची चौकशी करावी. त्वचेवर बधिर चट्टा किंवा कोपराजवळ जाड झालेली नर्व्ह आढळल्यास कुष्ठरोगाचा, म्हणजेच लेप्रसीचा, विचार झालाच पाहिजे. तेथे तेल चोळत बसणे म्हणजे रुग्णाचा हात गमावणे होय.

संवेदना न तपासता स्वेदन किंवा अग्निकर्म करणे धोक्याचे आहे. बधिर त्वचेस उष्णता कळत नाही. भाजल्यावर फोड आला तरच रुग्णाच्या लक्षात येते.

औषधालयाच्या चालकांसही एक विनंती. 'मुंग्यांवर काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकास तेलाची बाटली देण्यापूर्वी कोणती बोटे, रात्री जाग येते काय आणि हातातून वस्तू पडतात काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत व त्यास वैद्यांकडे धाडावे. आपल्याच औषधशाळेत दिवसभर खल घोटणाऱ्या, गोळ्या वळणाऱ्या कामगारांचे हातही अधूनमधून पाहावेत. मनगटावर वारंवार जोर पडणारे काम या व्याधीस पोषक ठरते.

सौम्य अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, कामात बदल आणि आपली चिकित्सा यांना जरूर अवसर आहे. मात्र उंचवटा झडू लागला, अंगठ्याचे बळ घटले वा बधिरता सतत राहू लागली, तर नर्व्ह कंडक्शन तपासणी व शल्यचिकित्सकाचा सल्ला यांत विलंब करू नये. एकदा झालेला मांसक्षय शस्त्रक्रियेनंतरही पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

आधी रोगाची परीक्षा, मग औषध, हा क्रम चरकांनी घालून दिला आहे. कोणत्या बोटांत बधिरता, अंगठ्याचे बळ किती, या दोन नोंदी प्रत्येक भेटीत केसपेपरवर झाल्या, तर आपल्या औषधाने गुण आला की नाही हेही आपणांस प्रामाणिकपणे सांगता येईल.