मंद वाय-फाय आणि अन्वयव्यतिरेक

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक खटला चालला. आरोपी आमची नात. किंवा खरें सांगावयाचें तर तिच्या लॅपटॉपमधील लिनक्स. चिरंजीवांच्या यंत्रांत विंडोज, सूनबाईंच्या यंत्रांत मॅक-ओएस आणि नातीच्या यंत्रांत लिनक्सपैकीं उबुंटू, अशा तीन प्रणाली आमच्या एका छपराखालीं नांदतात. घरांतील वाय-फाय मंद झालें आणि सर्वांचें बोट एकदम नातीकडे वळलें. "ती फुकटची प्रणाली काढून टाक," असा निकाल चिरंजीवांनीं दिला व आम्हींही मान डोलावली. तिचें वर्षभराचें काम त्याच प्रणालींत होतें आणि येत्या गुरुवारीं नोकरीची मुलाखतही त्याच लॅपटॉपवरून व्हावयाची होती. ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, आधीं तपास, मग निकाल, हें तुम्हीच आम्हांला शिकवलेंत ना?"

जन्मभर वर्गांत जें सांगितलें, तें घरांत विसरलों याची आम्हांस लाज वाटली. कारण ओळखण्याची आपल्या नैयायिकांची रीत अन्वयव्यतिरेकाची आहे. जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं, तें त्याचें कारण. व्यवहारांत याचा अर्थ इतकाच कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या आणि दिसेल तें कागदावर मांडावें.

पहिला प्रश्न, दोष घरांत कीं घराबाहेर? चिरंजीवांचा लॅपटॉप राउटरला तारेनें जोडला. आमची जोडणी 100 मेगाबिटांची. तारेवर 94 मिळाले. सेवा देणारी कंपनी निर्दोष सुटली.

दुसरा प्रश्न, दोष यंत्रांत कीं जागेंत? राउटर कोठीच्या खोलींत असतो. त्याच्या समोरच मेज मांडून तिन्ही लॅपटॉप पाळीपाळीनें त्यावर ठेवले. एक चालू असतां बाकीचे दोन बंद. विंडोज व मॅक यांस 80 च्या वर वेग मिळाला. नातीच्या यंत्रास अवघा 9. चिरंजीवांच्या मुद्रेवर विजय दिसूं लागला. परंतु नातीच्या यंत्रांत विंडोजही आहे. तेंच मेज, तेंच यंत्र, केवळ प्रणाली बदलली, तों आंकडा 80 वर गेला. म्हणजे वाय-फायचें कार्डही निर्दोष. दोष लिनक्समध्यें हें खरें. पण तेथें नेमका कशांत?

बॅटरी वांचावी म्हणून उबुंटू वाय-फायच्या कार्डास मधून मधून निजवीत असते. कांहीं कार्डांना ही निद्रा मानवत नाहीं व वेग घसरतो. नेटवर्क-मॅनेजरच्या 'वाय-फाय पॉवरसेव्ह' या ओळींत 3 हा आंकडा होता. नातीनें तेथें 2 लिहून ती सोय बंद केली आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. वेग 82 झाला! बॅटरी किंचित् लौकर उतरेल, एवढाच दंड. पुष्कळ विंडोज-यंत्रांतही वायरलेस ॲडॅप्टरला अशी सोय असते. तेथें 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' निवडावें.

खटला संपला असें वाटलें. पण नात आपल्या खोलींत जाऊन बसली, तों आंकडा पुन्हां 6! दुसरीं दोन्ही यंत्रें तिच्या खोलींत नेलीं, तींही 7-8 वर आलीं. तिन्ही प्रणाली एकाच जागीं मंद, तर दोष प्रणालीचा कसा? मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारली कीं लहरींचें बळ दिसतें. हा आंकडा ऋण असतो व शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मेजावर तो उणे 45 होता, नातीच्या खोलींत उणे 82. राउटर 2 पट्ट्यांवर बोलतो. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढें लौकर थकतो, 2.4 चा दूरवर पोहोंचतो, परंतु शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह-भट्टी यांची गर्दीही त्यांतच. आमच्या जाड भिंतींमुळें नातीच्या वांट्यास हा दुसराच, आणि तोही क्षीण, येत होता.

शिवाय राउटर आणि उरलेलें घर यांच्या मधोमध लोखंडी कपाट उभें होतें. धातूचा पत्रा या लहरी परतवून लावतो. आणि राउटर त्या कपाटाआड ठेवविला कोणीं? आम्हीं! त्याचे लुकलुकते दिवे बैठकींत शोभत नाहींत, हा आमचाच हट्ट.

त्याच संध्याकाळीं राउटर मधल्या दालनांत उंच फळीवर गेला. नातीच्या खोलींत आंकडा 48 वर आला आणि गुरुवारची मुलाखत एकदांही न अडखळतां पार पडली. दोष थोडा लिनक्सचा, बहुतांश आमचा, असें आम्हीं सर्वांसमक्ष कबूल केलें. चिरंजीवांनींही मान्य केलें कीं त्यांचें अनुमान एका मेजापुरतें खरें होतें, घरापुरतें नव्हे.

असो. वाचकांच्या घरीं असा प्रसंग आल्यास आधीं तार लावून पाहावी, मग सर्व यंत्रें एका जागीं, मग एकच यंत्र निरनिराळ्या जागीं, आणि शेवटीं प्रणालीची मांडणी. ज्याचें यंत्र निराळें, त्याच्यावर आळ घेणें सोपें असतें. पण त्या आधीं चार आंकडे लिहावयास अर्धा तासही लागत नाहीं. आमचा तो कागद राउटरशेजारीं टांगला आहे. लुकलुकते दिवे आतां बैठकींतूनही दिसतात, आणि आम्हांस त्यांचें कांहीं वाटत नाहीं.