गप्प बसून एचआयव्ही टळत नाही

‘लैंगिक शिक्षण दिलं की मुलं बिघडतात’ हा मुद्दा आपल्याकडे अजूनही हुकमी चालतो. केंद्र सरकारने २००५ साली शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. एचआयव्ही प्रतिबंध हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी संस्कृतीचं कारण पुढे करून तो रोखला.

कुठली संस्कृती? याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी कोर्टात मांडली. हा वारसा परका कसा?

दुसरा आक्षेप, माहितीने उतावीळपणा वाढतो. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेसाठी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लैंगिक शिक्षणामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होतात, असं त्यात आढळलं नाही.

तिसरा आक्षेप, वय लहान आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्नाला पुरेशी मोठी, माहितीला लहान? आणि पुनरुत्पादनाचा धडा आला की बाई म्हणणार, ‘हा घरी वाचा.’ मासिक पाळीचा विषय निघाला की मुलगे मैदानावर पिटाळले जाणार. मग उरतं मोबाइलवरचं पॉर्न. त्यात ना कंडोम असतो, ना संमतीचा प्रश्न.

एका बाबतीत विरोधकांचं बरोबर आहे: भीती घालणारी, अर्धवट माहिती घातकच. ‘एड्स म्हणजे मरण’ असं फळ्यासमोर उभं राहून सांगणाऱ्याला ठाऊक नसतं, की मागच्या बाकावर जन्मतःच एचआयव्ही असलेला, रोज एआरटीची (विषाणूरोधक उपचाराची) गोळी घेणारा मुलगा बसलेला असू शकतो. नियमित उपचारांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. हेही त्याच वर्गात सांगायला हवं.

तेव्हा लागण कशाने होते आणि कशाने होत नाही, कंडोम कसा वापरायचा, लागणीनंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह का येऊ शकते, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर काय विचारता येतं, हे मुलामुलींना एकत्र शिकवा. नकार देणं आणि दुसऱ्याचा नकार ऐकणं, दोन्ही शिकवा. किशोरवयीनांसाठीच्या सरकारी ‘मैत्री’ क्लिनिकात उपदेश न करता ऐकून घेणारं माणूस बसवा. बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याखाली अठराच्या आतला संमतीचा संबंधही गुन्हा ठरतो आणि त्याची खबर पोलिसांना देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. या धाकाने मुलं दवाखान्याची पायरीच चढत नसतील, तर जवळच्या वयाच्या मुलांपुरता कायदा बदला. संस्कृतीची काळजी असलेल्यांनी आधी या मुलांची घ्यावी.